त्यांना घरीच जायचं होतं

गेल्या आठवड्यात आमच्या वॉर्डातून एक आजोबा घरी गेले. नव्वदीला टेकलेले, घरात एकटे, पुन्हा पुन्हा पडून दाखल होणारे. त्यांनी केअर होममध्ये राहावं असं मुलीला वाटत होतं आणि मलाही. आजोबा म्हणाले, घरीच जाणार. आणि गेले!

इंग्लंडमध्ये २००५ चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट आहे. नर्स म्हणून रुजू होतानाच तो शिकवतात, पण तो कळला मला आत्ता. माणूस स्वतःचा निर्णय घ्यायला सक्षम आहे असंच धरून चालायचं. नाही असं वाटलं तर ते दाखवून द्यायची जबाबदारी आपली. निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून कुणाला अक्षम ठरवता येत नाही. डॉक्टर बोलायला बसण्याआधी मी आजोबांच्या श्रवणयंत्राचा सेल बदलला, कारण शक्य ती सगळी मदत आधी करायची हेही कायद्यातच आहे. मग चार गोष्टी पाहिल्या: सांगितलेलं समजतं का, लक्षात राहतं का, बरंवाईट तोलता येतं का, ठरवलेलं सांगता येतं का. आजोबा शांतपणे म्हणाले, मी पुन्हा पडेन, कदाचित कुणी येण्याआधी मरेनही, पण माझ्या घरात. मुलगी रडत होती. सगळ्यांनी तिचं ऐकून घेतलं, पण निर्णय तिचा नव्हता. त्यानंतर वाद संपला आणि सगळे कामाला लागले: बाथरूममध्ये धरायला दांडे, गळ्यात अलार्मचं बटण, दिवसातून चार वेळा येणारे केअरर. न पटलेल्या निर्णयासाठी एवढी धावपळ करणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

आपल्याकडे वॉर्डात पहिला प्रश्न असतो, ‘नातेवाईक कोण आहेत?’ डॉक्टर त्यांना बाहेर बोलावून सांगतात. माझ्या आजीला कॅन्सर होता आणि आम्ही तिला अल्सर सांगितलं. ते चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. शेवटपर्यंत तिच्या उशाशी कुणी ना कुणी होतं. रात्री काका कॉरिडॉरमध्ये चटई टाकून झोपायचे. इथे भेटायची वेळ उलटून जाते आणि कितीतरी खाटांजवळच्या खुर्च्या रिकाम्याच राहतात. त्यामुळे इथल्या कुणी आपल्या पद्धतीला नावं ठेवली की मी भांडतो. मी स्वतः लांब आहे हे खरं, पण आईबाबांजवळ दादा आहे, आणि इथे ज्यांच्याजवळ कुणी नाही त्यांच्याजवळ मी असतो.

तरी आजोबा गेल्यापासून एक विचार पाठ सोडत नाही. मी नर्सिंगला जावं हे मामाने सुचवलं, परदेशी जावं हे बाबांनी ठरवलं, इथे आल्यावर ‘आयसीयूत जा, तिथे नाव होतं’ हे सीनियर मित्रांनी. सगळ्यांनी भल्यासाठीच सांगितलं. पण मला विचारलं कुणीच नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही.

मला म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डातच काम करायचंय. घाईत असलेल्या डॉक्टरला थांबवून ‘त्यांना पुन्हा एकदा, सावकाश सांगा’ असं म्हणताना मी जसा असतो, तसा दुसरीकडे कुठेही नसतो. आयसीयूतल्या जागेसाठी भरून ठेवलेला अर्ज मी पाठवला नाही. वॉर्ड मॅनेजरला सांगितलं, मी इथेच राहतोय.

काल बाबांना फोनवर सांगितलं. ‘म्हाताऱ्यांची सेवा करायला एवढ्या लांब गेलास का?’ असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांना पटलेलं नाही. आईने फक्त पगाराचं विचारलं. तो दोन्हीकडे सारखाच आहे.