भिंत सोपी, कडा अवघड

रंग कोणता लावायचा यावर घरात पंधरा दिवस खल चालतो. शेडकार्ड भिंतीला लावून बघा, खिडकीपाशी धरून बघा, रात्री दिवा लावून बघा. एवढ्या खटाटोपानंतर रंग लागतो आणि बघणाऱ्याची नजर नेमकी जाते चौकटीकडे, जिथे भिंतीचा रंग दाराच्या लाकडावर दोन मिलिमीटर चढलेला असतो. भिंतीचा मधला विस्तार कोणीही रंगवील, रोलर धरता आला की झालं. काम चांगलं की वाईट ते ठरतं कडेला. छताची कड, चौकटीची, स्कर्टिंगची (भिंतीच्या पायाशी जमिनीलगतची पट्टी), बटणांच्या प्लेटांची. एका खोलीतल्या कडा मोजायला बसलं तर दम लागतो. आणि या झाल्या नुसत्या दिसणाऱ्या. न दिसणाऱ्या निराळ्याच, आणि घात बहुतेक त्याच करतात.

पोपडे निघालेली जागा घ्या. स्क्रेपरने सुटलेला रंग काढला, तरी टिकून राहिलेल्या रंगाची एक पायरी उरते, जेमतेम नखाला लागेल एवढी. नव्या रंगाचे कितीही हात मारले तरी ती झाकत नाही. खिडकीतून तिरका उजेड आला की नकाशासारखी उमटते. ती १२० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवायची, मग १८० ते २२० ने गुळगुळीत करायची. डोळे मिटून बोट फिरवावं. बोटाला कळली नाही तर पुढे नजरेलाही कळणार नाही. रंग फार जुना असेल तर मात्र कोरडं घासू नये. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं (आता अनेक देशांत त्याची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद, आहे, पूर्वी ते सढळ हाताने घालत), आणि त्याची धूळ लहान मुलांना सगळ्यात घातक. पाणी लावून ओलंच घासावं आणि चिखल फडक्याने टिपून घ्यावा.

पुट्टीलाही कड असते. दोन इंचांचा खड्डा दोन इंचांतच भरला तर तिथे टेंगूळ दिसतं. रुंद पट्टीने ती आठ-दहा इंचांपर्यंत पातळ ओढत न्यावी, टोकाला नुसती छाया उरेल इतकी. एकदम जाड थापली की सुकताना बसते आणि तडकते, म्हणून दोन पातळ थर बरे. एवढं निगुतीने केल्यावरही त्या जागी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, मारायचा कंटाळा केला जातो. कोरडी पुट्टी मग रंगातलं पाणी आधाशासारखं पिते, आणि बाकी भिंत सारखी असताना तेवढाच डाग मंद दिसतो. लोक म्हणतात रंग खराब निघाला. रंगाचा काही दोष नसतो.

जुन्या भिंतीवर किंवा चौकटीवर नेमकं काय लावलेलं आहे हे ठाऊक नसेल तर स्पिरिटमध्ये (अल्कोहोलच्या, टर्पेंटाइनमध्ये नव्हे) भिजवलेलं फडकं घासून बघावं. फडक्याला रंग लागला तर तो पाण्यातला. नाही लागला तर बहुधा ऑइल पेंट. तुळतुळीत ऑइल पेंटवर पाण्यातला रंग तसाच चढवला, तर काही दिवसांनी नखाने सालपटासारखा सोलून निघतो. आधी घासून चकाकी मारायची, मग चिकटणारा प्रायमर, मगच रंग.

आता खरी रेघ. अडीच इंची ब्रश, शक्यतो तिरक्या टोकाचा. केसांचा एक तृतीयांश भागच रंगात बुडवायचा आणि डब्याच्या आत दोन्ही बाजूंनी थापटायचा. काठावर पुसायचा नाही, पुसला की ब्रश रिकामा होतो आणि काठ भरतो. पहिला फटका कडेपासून अर्धा इंच लांब ओढावा. जादा रंग तिथे सोडला की मग टोकाला जमलेला रंगाचा बारीक मणी पुढे ढकलत ब्रश कडेला न्यावा. रेघ हा मणी काढतो, केस नुसते मागून येतात. नजर ब्रशवर ठेवली की हात थरथरतो. तो जिथे जायचाय तिथे बघावं.

टेप लावली की रेघ आपोआप सरळ येते हा एक गोड गैरसमज. टेपच्या खालून रंग झिरपतोच. त्यावरचा उपाय असा: टेप दाबून बसवावी आणि तिच्या कडेवरून आधी टेपखाली जो रंग आहे तोच एक हात फिरवावा. फटी त्याने बुजतात, झिरपला तरी आपल्याच रंगात झिरपतो. तो सुकला की वरून नवा रंग. टेप काढायची ती रंग ओलसर असतानाच, पंचेचाळीस अंशांत, सावकाश. पूर्ण वाळू दिली तर रंगाची साय टेपबरोबर फाटत येते. चौकट आणि भिंत यांच्यातली फट भरायला ॲक्रिलिक सीलंट घ्यावं. सिलिकॉनवर रंग अळवावरच्या पाण्यासारखा गोळा होतो.

रोलर कडेपर्यंत पोचत नाही, त्यामुळे ब्रशच्या दोन-तीन इंची पट्ट्याचा पोत भिंतीपेक्षा वेगळा पडतो आणि वाळल्यावर भिंतीभोवती फोटोफ्रेम उमटते. सगळ्या खोलीच्या कडा आधी काढून जेवायला गेलं की ती हमखास येते. एका वेळी एकच भिंत घ्यावी, कड ओली असतानाच रोलर तिच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यावा. दोघं असतील तर एकाने कड, दुसऱ्याने रोलर. रोलरलाही ओली कड सांभाळावी लागते: तीन फूट बाय तीन फूट भरायचं, पुढचा घास मागच्या ओल्यात मिसळायचा आणि शेवटी वरून खाली हलका, न दाबता हात. मध्येच फोन घेतला की तिथे जोड दिसतो.

हिशेब सोपा आहे. दहा बाय बारा फुटांची खोली, उंची दहा फूट: भिंती ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता सुमारे ४००. चांगल्या भिंतीवर लिटरला एका हाताचे शंभर ते सव्वाशे चौरस फूट धरले, तर दोन हातांना सात-आठ लिटर. डबे दोन असतील तर आधी मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळावेत. छटेत केसाएवढा फरक असला तरी तो भिंतीच्या मधोमध दिसू नये.

लाकडाची कड तर वेगळीच वस्ताद. रंग टोकदार धारेवरून मागे सरकतो आणि तिथेच सगळ्यात पातळ राहतो, म्हणून चौकटीचे कोपरे आधी झिजतात. पॉलिश पेपरने ती धार किंचित मोडली की रंग थांबतो. दार रंगवताना आधी आतले चौकोन, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. दोन खोल्यांना दोन रंग असतील तर कुलपाकडची कड त्या खोलीच्या रंगाची, जिच्यात दार उघडतं. बिजागरीकडची दुसऱ्या खोलीची. पांढरं ऑइल पेंट अंधारात पिवळं पडतं, कपाटामागची चौकट बघा. पाण्यातलं इनॅमल पांढरं राहतं, तासा-दोन तासांत कोरडं वाटतं, पण पुरतं कडक व्हायला दोन-चार आठवडे लागतात. त्याआधी दार गच्च लावलं तर चौकटीला चिकटतं आणि ओढलं की रंग सोबत घेऊन येतं.

उरलेला रंग जपताना डब्याच्या काठातली खाच पुसून घ्यावी, नाहीतर झाकण नीट बसत नाही आणि वर साय धरते. खाचेत सुरुवातीलाच खिळ्याने चार भोकं पाडली तर ओघळ परत डब्यात जातो. मॅट रंगावर पुढे डाग पडला तर छोट्या रोलरने जागच्या जागी भागतं. चकाकीच्या रंगावर ठिगळ लपत नाही. तिथे निमूटपणे अख्खी भिंत रंगवायची, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.