कोणी उघडली, काय उघडलं, का उघडलं

सेनेगलमधल्या झिगिंशोरच्या एका गोडाऊनात थप्पीतली खालची गोण उसवून मी ओंजळभर काजूच्या बिया बाहेर काढल्या होत्या, तेवढ्यात मालक आला. "कान मो को उब्बी?" वोलोफ भाषेत म्हणजे, कोणी उघडली ही? मी लगेच तोंडपाठ वाक्य फेकलं: "उब्बी ना को."

हमाल हसायला लागले. मालकाला खरं तर राग आला होता, पण तोही हसला. मला चूक सापडेना. उब्बी म्हणजे उघडणे, ना म्हणजे मी, आणि काम झालेलं, को म्हणजे ती. उघडली मी. यात हसण्यासारखं काय?

आधी मी तिथे कसा गेलो ते सांगतो. वेंगुर्ल्यात आमचं काजूचं काम. आपल्याकडची बी फेब्रुवारी ते मे, आणि तेवढ्यावर कारखाना वर्षभर चालत नाही. म्हणून पश्चिम आफ्रिकेची बी येते, आणि ती जहाजात चढण्याआधी कोणीतरी बघावी लागते. तीन हंगाम मी एप्रिलमध्ये सेनेगलला गेलो. काम काय, तर नमुना काढायचा, कटिंग करायचं, म्हणजे बिया कापून बघायच्या, ओल मोजायची आणि आऊटटर्न लिहायचा, म्हणजे ८० किलोच्या गोणीत किती पौंड गर निघेल ते. झिगिंशोर हे दक्षिणेला कासामान्स नदीवरचं बंदर. आजूबाजूला जोला आणि मांडिंका बोलतात, सरकारी कागद फ्रेंचमध्ये, पण बाजारात सगळ्यांचं काम वोलोफवर भागतं. फ्रेंच मला 'बोंजूर'च्या पुढे गेलं नाही. वोलोफ मात्र जमेल असं वाटलं, कारण पहिल्याच दिवशी कळलं की त्यांचं क्रियापद रूप बदलत नाही. लेक्क म्हणजे खाणे. मी, तू, ती, आम्ही, कोणीही खाल्लं तरी लेक्क. आपल्यासारखं खाल्ला, खाल्ली, खाल्लं असलं काही नाही. त्यात 'तो' आणि 'ती'लाही एकच शब्द. म्हटलं, महिन्यात शिकू.

क्रियापद गप्प बसतं खरं, पण त्याची सगळी कसर सर्वनामं काढतात. हे मला त्या दिवशी गोडाऊनच्या राखणदाराने समजावलं. तिथला चहा तीन फेऱ्यांचा असतो, एकेका फेरीला अर्धा तास सहज जातो. त्यामुळे वेळ भरपूर होता.

त्याने मातीत बोटाने काहीतरी खुणा केल्या आणि मला तीनदा विचारलं. कोणी उघडली? "मा को उब्बी." काय उघडलंस? "साकू बी ला उब्बी", गोण उघडली. का उघडलीस, काय झालं? "दमा को उब्बी." तिन्हींत उघडणारा मीच, उघडलेली गोण तीच आणि क्रियापद तेच. पण 'मी' प्रत्येक वेळी वेगळा: मा, ला, दमा. (आमच्या घरात दमा आहे, त्यामुळे हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, हा बिचारा आजारपण सांगतोय.) आणि माझा 'ना'? तो नुसती बातमी देतो. कोणी उघडली या प्रश्नाला मी सांगत होतो, "उघडून झाली हो!" पोलिसाने विचारावं खिडकी कोणी फोडली, आणि पोराने सांगावं, फुटली.

मग माझ्या डोक्यात आपला 'च' आला. मीच गोण उघडली, मी गोणच उघडली, मी गोण उघडलीच. आपण 'च' हवा तिथे चिकटवतो, नसेल चिकटवायचा तर आवाज चढवतो, नाहीतर शब्द पुढेमागे करतो. 'उघडली मी' म्हटलं तरी चालतं, क्रियापद शेवटीच हवं असं आपणही कुठे पाळतो! पण हे सगळं आपल्याकडे ऐच्छिक आहे. वोलोफमध्ये जोर कशावर हे ठरवल्याशिवाय 'मी' म्हणताच येत नाही, कारण कुठला 'मी' ते आधी ठरवावं लागतं. मी कित्येक महिने वाक्याच्या सुरुवातीलाच अडखळायचो ते यामुळेच. शब्द येत होते, पण मला नेमकं काय सांगायचंय ते ठरलेलं नसायचं.

त्यात तो 'को' आणखी पळपुटा. 'उब्बी ना को'मध्ये शेवटी, 'मा को उब्बी'मध्ये मधेच. त्याचं एकच धोरण, सर्वनामाचं शेपूट धरून राहायचं. ते जिथे जाईल तिथे हा मागोमाग.

सगळंच परकं होतं असंही नाही. 'ख़ीफ ना' म्हणजे भूक लागली. पूर्ण झालेल्या क्रियेचा 'ना', पण भूक आत्ताची. फ्रेंच बोलणाऱ्याला हे किती समजावावं लागत असेल कोण जाणे, मला एक मिनिटही लागलं नाही. आपणही 'भूक लागली' म्हणतो आणि ताट मागतो. हाक आली की जागेवरून न उठता 'आलो आलो' म्हणतो.

त्या गोणीचं पुढे काय झालं ते राहिलंच. दुसऱ्या फेरीचा चहा होईपर्यंत मालकाने परत विचारलं, "लु तख़?" का? या वेळी मी घाई केली नाही. "दफा तोय," म्हटलं. ओली आहे, म्हणून. 'दफा' हा तिसऱ्या पुरुषाचा 'दमा', कारण सांगणारा, आणि तोय म्हणजे ओलं असणे. ओलं, लांब, सुंदर ही त्यांच्याकडे विशेषणं नाहीतच, सगळी क्रियापदं. संस्कृतात तोय म्हणजे पाणी, हा निव्वळ योगायोग, पण माझ्या तो कायमचा लक्षात राहिला. मालकाने गोणीत कोपरापर्यंत हात घातला, काही न बोलता बाहेर काढला आणि हमालांना त्या थप्पीच्या खालच्या सगळ्या गोणी बाजूला काढायला सांगितलं. दुपारी त्याच्याकडेच चेबु जन जेवलो. भात आणि मासे, आणि भात कसला, तर कणीचा. आपण जी पेजेला नाहीतर कोंबड्यांना ठेवतो ती कणी तिथे मुद्दाम आणतात.

घरी आल्यावर गंमत अशी झाली की आपलीच बोली कानाला वेगळी लागायला लागली. परवा अंगणात सुकत घातलेल्या बियांची गोण कोणीतरी सोडली, तर आई ओरडली, "गोण कोणी फोडल्यान?" त्या 'फोडल्यान'मधला शेवटचा न! पुस्तकी मराठीत 'त्याने फोडली' म्हणताना 'त्याने' काढला तर कर्ता गेला. आमच्याकडे नुसतं 'फोडल्यान' म्हटलं तरी 'त्याने' त्या शेपटात आहेच. वोलोफने कर्त्याचं सगळं ओझं सर्वनामावर टाकलंय, आम्ही ते क्रियापदाच्या शेपटीला बांधलंय. पन्नाशी जवळ आली तरी हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

राखणदाराचा अजून कधीतरी व्हॉट्सॲपवर आवाज येतो. परवा संध्याकाळी आला. "नका वा कर गा?" घरची माणसं कशी आहेत? यातला 'गा' लांबचा. जवळचं घर असतं तर 'गी' म्हणाला असता. झिगिंशोरला रोज सकाळी हा प्रश्न व्हायचा आणि माझं उत्तर ठरलेलं: "न्युंगा फा", आहेत तिकडे. परवाही तेच तोंडातून गेलं. आई हाताच्या अंतरावर बसून बिया निवडत होती.

दोन मिनिटांनी त्याचा खदखदून हसण्याचा आवाज आला, आणि मधे एकच शब्द, "फा?"

"न्युंगी फी," मी दुरुस्त केलं. आहेत, इथेच आहेत.

आईने सूप खाली ठेवलं. "कोण रे तो? इतको कित्याक हसता?"