महाराजबागेच्या मातीबद्दल पण बोला ना कोणीतरी

नागपूरची महाराजबाग म्हटलं की लोक प्राण्यांबद्दल बोलतात, फार तर जुन्या झाडांबद्दल, पण मला विचाराल तर तिथली सगळ्यात जुनी गोष्ट पायाखाली आहे. भोसल्यांची बाग, मग इंग्रजांच्या काळात प्राणिसंग्रहालय, आता कृषी विद्यापीठाकडे, मालक बदलत गेले, माती तीच.

जवळच सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती बेसॉल्टची, म्हणजे काळ्या दगडाची, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो दगड झिजून माती झाली, उतारावरची पावसाने धुऊन गेली म्हणून वर बरड, म्हणजे उथळ हलकी जमीन, थोडं खोदलं की मुरूम, आणि खाली सखल भागात तीच साठून खोल काळी झाली. त्यात बाग नाग नदीच्या काठाला, म्हणजे पुराचा गाळ पण आलाच.

आता या काळ्या मातीचा स्वभाव बघा. पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडत राहते, म्हणजे जमीन स्वतःच स्वतःला खालीवर करते! म्हणून तर काळीवर बसवलेले पेव्हर ब्लॉक उचकटतात, भिंतींना तडे जातात. शिवाय हिच्यात चुनखडी असते, पीएच ८ च्या आसपास म्हणजे अल्कधर्मी, त्यामुळे लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. संत्रावाल्यांना हे चांगलं माहीत आहे. तिथे युरिया टाकून काही होत नाही, शेणखत पाहिजे, पालापाचोळा पाहिजे, आणि आपण तो झाडून जाळून राहिलो.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो पावसाळ्यात. ओल्या काळीवरून माणसं, गाड्या गेल्या की ती घट्ट दाबली जाते, हवा जायला जागाच राहत नाही, मुळं गुदमरतात. वरून ब्युटिफिकेशन म्हणून कुठल्याही जुन्या बागेत झाडाच्या बुंध्याशी लाल मुरमाचा ढीग नाहीतर सिमेंटचा ओटा. शंभर वर्षाचं झाड एका दिवसात मरत नाही, हळूहळू वाळतं, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही कशाने गेलं ते.

देशभराच्या मातीचे नकाशे करणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आपल्याच अमरावती रोडवर आहे, कृषी महाविद्यालय तर १९०६ पासूनचं. मग बागेत एका कोपऱ्यात माणूसभर खोल खड्डा करून, एका बाजूला काच लावून, वरची काळी, मधली चुनखडीची, खालचा मुरूम असे थर पोरांना दाखवायला काय हरकत आहे? पिंजऱ्याएवढाही खर्च येणार नाही.