ब्रेक तर लागत होता

गॅरेजसमोर छोटा हत्ती टेम्पोतून मोटरसायकल खाली घेतली आणि मी आधी ब्रेक दाबून पाहिला. लागला. पुढचा लिव्हर जरा मऊ, पण लागत होता. पायातलाही लागत होता. समोर पोरगा उभा, कपाळाला पट्टी, शर्टाची बाही फाटलेली. तो सांगत होता, “काका, आईशप्पथ, लिव्हर मुठीला टेकला होता. पाय पूर्ण दाबला तरी गाडी थांबेना.”

मार्गशीर्षातला मंगळवार होता. आईला घेऊन तो सप्तशृंगी गडावर गेला होता, नाशिकहून साठेक किलोमीटर. ट्रॉलीने वर जाऊन दर्शन केलं, प्रसाद घेतला आणि उतरायला लागले. गडावरून नांदुरीपर्यंत दहाएक किलोमीटरचा घाट. नांदुरी दोन वळणांवर आली असताना ब्रेक गेला. पोराने त्या क्षणी डोकं शाबूत ठेवलं, गाडी दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली. आईचं मनगट मोडलं. वणीत प्लॅस्टर करून तिला घरी सोडलं आणि गाडी दिंडोरी रोडला माझ्याकडे आणली.

मागोमाग वडील आले. माझं जुनं गिऱ्हाईक, पंचवीस-तीस वर्षांचं. ते तापलेले होते. गाडीतच दोष आहे, शोरूमवाल्याला सोडणार नाही, असं चाललं होतं. मी म्हटलं, आधी चाक उघडू, मग बोलू.

मागचं चाक उघडलं तसा जळका वास आला. असा वास सगळ्यांनी कधीतरी घेतलेला असतो, पण बंद ड्रममधून तो कोंडलेला बाहेर येतो तेव्हा डोळ्यांना झोंबतो. ब्रेक शूचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पट्टे, काचेसारखे गुळगुळीत झाले होते, बोट फिरवलं तर सरकत होतं. ड्रमच्या आत निळसर-जांभळी झाक. पुढच्या डिस्कचं ब्रेक ऑइल काढलं तर ते काळ्या चहासारखं. गाडी चार वर्षांची, ऑइल एकदाही बदललेलं नव्हतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट-३ प्रतीचं नवं ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, पण पाणी मुरलं की तेच १४० च्या आसपास उकळायला लागतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून लिव्हर मुठीला टेकतो आणि डिस्कला धरणारे पॅड जागचे हलत नाहीत. तासा-दोन तासांत सगळं गार होतं, वाफ पुन्हा ऑइलमध्ये विरते आणि ब्रेक लागतो. पोरगा शंभर टक्के खरं बोलत होता.

एवढी उष्णता आली कुठून? मी त्याला विचारलं, “घाट कोणत्या गिअरमध्ये उतरलास?”

तो वडिलांकडे बघायला लागला. मग म्हणाला, “गाडी बंद केली होती. न्यूट्रलमध्ये सोडली होती. पायातला ब्रेक धरूनच होतो.”

त्याची १२५ सीसी, कॉम्बी ब्रेकवाली. पायातला दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. म्हणजे दहा किलोमीटर दोन्ही ब्रेक एकसारखे घासत आले.

“मीच सांगितलंय त्याला,” वडील म्हणाले. “गिअरमध्ये उतरवली की इंजिनवर लोड येतो. आणि मिस्तरी, मला हे तुम्हीच सांगितलं होतं. आरएक्सच्या वेळी.”

हातातला पाना मी खाली ठेवला. कारण मी खरंच तसं सांगितलं होतं. मला ते आठवत होतं.

तेव्हा मी पंचवटीत उस्तादांच्या हाताखाली होतो. आरएक्स १००, राजदूत, येझदी, सगळ्या टू-स्ट्रोक. त्या इंजिनाच्या पिस्टनला तेल मिळतं ते पेट्रोलबरोबरच. कुठे ते पेट्रोलमध्ये मिसळायचं, आरएक्सला पंप होता, पण तोही एक्सिलेटरला जोडलेला. एक्सिलेटर सोडून लांब उतार गिअरमध्ये उतरलं की इंजिन जोरात फिरतंय आणि तेल थेंबभर, पिस्टन जाम व्हायचा. म्हणून उस्ताद सांगायचे की उतारावर अधूनमधून क्लच दाबून एक्सिलेटर थोडा फिरवत जा. गाडी बंद करा असं ते कधीच म्हणाले नाहीत. गिऱ्हाइकाला समजावत बसायला वेळ नसायचा, म्हणून मी ते आखडून ‘गिअरमध्ये उतरवू नका, इंजिनवर लोड येतो’ असं केलं. टू-स्ट्रोक गेल्या, फोर-स्ट्रोक आल्या. फोर-स्ट्रोकमध्ये तेल खाली इंजिनातच असतं, पंप ते इंजिनाच्या वेगाने फिरवतो, एक्सिलेटर उघडा असो की बंद. गाडी बदलली तरी माझं वाक्य त्या घरात तसंच राहिलं.

मी वडिलांना तेव्हाच सगळं सांगितलं. मग माझी स्वतःची गाडी बाहेर काढली, न्यूट्रल केली आणि म्हटलं, ढकला. एका हाताने सरकली. मग बंद गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. दोन्ही हात लावून, पाय रोवून ढकलली तेव्हा कुठे अडखळत हलली. “हा जो अडवतोय ना, तो इंजिनाचा ब्रेक. हा तापून जात नाही.” एक्सिलेटर बंद असताना आत जवळपास स्फोट नसतोच. इंजिन नुसतं हवा ओढण्यात आणि दाबण्यात गाडीचा जोर खातं. चढावर त्याला याच्या कितीतरी पट काम पडतं.

पेट्रोल वाचवायला गाडी बंद करतात, त्याचंही तेच. त्याची गाडी बीएस-६, फ्युएल इंजेक्शनची. अशा बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये एक्सिलेटर सोडून उतरलात की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो. गाडी बंद करून वाचवायला काही उरतच नाही.

पुढे एकदा मी हिशोब मांडून पाहिला. गाडी आणि दोन माणसं मिळून अडीचशे किलो धरा. शंभर मीटर उंची खाली आलात की पाऊण लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता तयार होते. न्यूट्रलमध्ये ती जवळजवळ सगळी ड्रमात आणि डिस्कमध्येच जाते.

इंजिन ब्रेकिंगने नुकसान होतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. चौथ्यातून थेट पहिल्यात टाकून क्लच सोडणारी पोरं माझ्याकडे येतात. ओल्या रस्त्यावर त्याने मागचं चाक लॉक होतं, आणि इंजिन झेपेल त्याच्या वर फिरलं तर व्हॉल्व्ह वाकतो. चेन ढिली असेल तर झटका चेनला आणि हबमधल्या रबरांना बसतो. म्हणून चेनला पंचवीसेक मिलिमीटरच खेळ ठेवा आणि एकेक गिअर उतरवा. आणखी एक. एक्सिलेटर सोडल्याने मागचा लाल दिवा लागत नाही. मागून ट्रक येत असेल तर लिव्हरला बोट लावून दिवा पेटवा. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचा.

शू, पॅड, ऑइल बदललं, ड्रम घासून घेतला. मजुरी घेतली नाही. वडील देत होते, मी हात जोडले.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गडावर गेलो. पोराच्या मागे वडील, मी माझ्या गाडीवर. उतरताना पोरगा पुढे, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, वळणाआधी ब्रेकला बोट लावून सोडत होता. ती चर आली तेव्हा त्याने मान वळवून बघितलं, वेग तेवढाच ठेवला. नांदुरीत चहाच्या टपरीशी गाड्या लावल्या. मी वाकून मागच्या ड्रमला हात लावला. गरम होता, पण हात ठेवता येत होता. वडीलही खाली बसले, त्यांनी तळवा ड्रमवर टेकवला आणि चहा येईपर्यंत तसाच ठेवला.