पीडीएफमधलं सूत्र कॉपी का होत नाही, आणि मग करायचं काय

आठवीचं चक्रवाढ व्याज घ्या. पुस्तकात सूत्र असतं : रास = मुद्दल, पुढे कंसात १ + दर/१००, आणि कंसाच्या डोक्यावर बारीक अक्षरात मुदत. तेच पीडीएफमधून उचलून वर्डमध्ये टाकलं की दिसतं, ‘रास = मुद्दल १ + दर १०० मुदत’. शब्द सगळे आले, गणित गेलं.

याचं कारण, पीडीएफला अपूर्णांक ठाऊकच नसतो. या जागी हे अक्षर ठेव, इथून तिथपर्यंत रेघ ओढ, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. घात म्हणजे लहान आकाराचं, जरा वर सरकवलेलं अक्षर. वर्गमूळावरची आडवी रेघ बहुतेक वेळा वेगळी ओढलेली असते, त्यामुळे मूळ कुठपर्यंत आहे हे कॉपीत उरत नाही. मोठे कंस वेगळ्या फॉन्टातले असले तर तेही गळतात.

म्हणून आधी फाइलची जात ओळखा. मजकूर माउसने निवडला जात नसेल तर तो स्कॅन, म्हणजे नुसता फोटो. निवडला जातो पण पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी येते? मग फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात आहे. अशा वेळी पानाचं ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) चित्र करून स्कॅनसारखंच वागवलेलं बरं.

दिग्रस-आर्वीकडे झेरॉक्सच्या दुकानात स्कॅनर नसला तरी अडत नाही. ए-फोर पान ३०० डीपीआयला साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल पुरतो. फ्लॅश बंद, ओसरीतला सारखा उजेड, पान सपाट. जाड गाइडच्या शिवणीकडे ओळ वळते आणि साधा आकडा घात वाटू लागतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जातो. झेरॉक्सची झेरॉक्स शक्यतो नकोच : दशांशचिन्ह उडालं की २.५ चे २५ होतात.

आता वाचन. मराठी मजकूर टेसेरॅक्टला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला द्या, भाषा मराठी निवडून. सूत्रं त्याला जमत नाहीत. ती एकेक कापून पिक्स-टू-टेक्स या सूत्रं वाचणाऱ्या प्रोग्रॅमला द्या. ते लाटेकमध्ये, म्हणजे सूत्र साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीत उत्तर देतं, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि मॉडेल एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. लाइन गेली तरी बॅटरीवर काम सुरू. गंमत म्हणजे चित्र फार मोठं असलं तर ते जास्त चुकतं. उत्तर विचित्र आलं की तेच चित्र निम्म्या आकाराचं करून बघा. अख्खं पान वाचणारं, मेटाचं २०२३ चं नूगा हे मॉडेल मुख्यतः इंग्रजी शोधनिबंधांवर शिकलेलं आहे. देवनागरी पानासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

खरी अडचण सूत्रातल्या मराठी शब्दांची. ‘मुद्दल’ पिक्स-टू-टेक्सला वाचता येत नाही, म्हणून ते काहीतरी इंग्रजी चिन्हं ठोकून देतं. देवनागरी १ त्याला इंग्रजी ९ सारखा दिसतो, ४ हा ८ सारखा. सांगाडा त्याच्याकडून घ्यायचा, शब्द आणि आकडे हाताने भरायचे. पेपरात दहा-पंधराच सूत्रं असतील तर या भानगडीत पडूच नका. वर्डमध्ये ऑल्ट दाबून बरोबरचं चिन्ह (=) दाबा, समीकरणाची चौकट उघडते. तिथे टाइप केलेलं लवकर होतं.

तपासणी दोनदा. लाटेकचं पुन्हा सूत्र करून मूळ चित्राशेजारी ठेवा. मग आकडे घाला : मुद्दल १०,०००, दर १०, मुदत ३ वर्षं. रास १३,३१० यायला हवी. ३३,००० आली तर घात खाली उतरून गुणाकार झालाय.