एका रांगेतले ‘हिट’

अंधेरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या चिपवर पेप्टाइडांचे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचे, संच तयार होतात. घन आधारावर साखळी वाढवण्याची ब्रूस मेरिफिल्ड यांची १९६३ची पद्धतच येथे अतिशय बारीक नलिकांमधून राबवली जाते. साखळीच्या टोकावरचे एफमॉक हे संरक्षक कवच पिपेरिडीनने काढायचे, नवे अमिनो आम्ल जोडायचे, डीएमएफ या द्रावकाने धुवायचे आणि पुन्हा कवच काढायचे. झडपा संगणक उघडतो, त्यामुळे काम बिनचूकच होते असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात प्रत्येक जोडणी ९९ टक्के साधली तरी पंधरा जोडण्यांनंतर पूर्ण साखळ्या सुमारे ८६ टक्केच उरतात, आणि ९५ टक्के साधली तर निम्म्याहूनही कमी.

ऐन जुलैतल्या त्या सकाळी, औषधासाठी निवडलेल्या एका प्रथिनावर फ्लुरोसंट रंग चढवून ते चिपवरून सोडले होते आणि स्कॅनरच्या पडद्यावर हिटची, म्हणजे प्रथिन धरून ठेवल्यामुळे चमकणाऱ्या ठिपक्यांची, लांबलचक यादी आली होती. वरिष्ठ खुशीत होते. संध्याकाळपर्यंत यादी ग्राहकाकडे जावी, असे त्यांनी सांगून टाकले. माझी सहकारी मात्र चित्राकडेच पाहत राहिली आणि म्हणाली, “मॅडम, हे सगळे एकाच नलिकेवरचे कसे?”

प्रश्न रास्त होता. अमिनो आम्लांचा कोणता क्रम नलिकेवरच्या कुठल्या कप्प्यात घडवायचा हे आम्ही मुद्दाम सरमिसळ करून ठरवतो, त्यामुळे एकमेकांशी काडीचे साम्य नसलेले क्रम शेजारी येतात. अशा शेजाऱ्यांनी एकजात प्रथिन धरून ठेवावे, याला रसायनशास्त्रात काही कारण नव्हते. त्या रांगेत तुलनेसाठी ठेवलेला, अमिनो आम्लांची उलटापालट केलेला क्रमही तितकाच चमकत होता. चित्र मोठे करून पाहिले तेव्हा तर संशयाला जागाच उरली नाही: ठिपके अख्खे उजळले नव्हते, प्रत्येकात चंद्रकोरीएवढाच भाग उजळ होता आणि सगळ्या कोरी एकाच बाजूला वळलेल्या होत्या.

मग नोंदी काढल्या. कवच निघताना सुटणारे संयुग ३०१ नॅनोमीटरला अतिनील प्रकाश शोषते, त्यामुळे आलेखातल्या त्याच्या शिखराच्या उंचीवरून कवच कितपत निघाले ते कळते. अकराव्या चक्रापासून नेमक्या त्याच नलिकेची शिखरे खुजी झाली होती. द्रावणे आम्ही नायट्रोजनच्या दाबाने ढकलतो. दाबाखाली तो वायू डीएमएफमध्ये विरघळतो आणि पुढे दाब उतरला की बुडबुडे सुटतात. असेच बुडबुडे कप्प्यांच्या एका कडेला अडकून बसले आणि तिथे पिपेरिडीन पोहोचलेच नाही. शेवटी वापरले जाणारे टीएफए हे आम्ल एफमॉकला हात लावत नाही, त्यामुळे त्या अर्धवट साखळ्यांच्या टोकांवर ते तसेच राहिले. एफमॉक पाण्यापासून दूर राहणारे, सपाट वलयांचे. त्याला कुठलेही प्रथिन चिकटते.

वरिष्ठांना हे पटवायला वाद घालावा लागला नाही, कोरींचे चित्र पुरेसे होते. यादी थांबली. डीएमएफच्या वाटेवर वायू काढून टाकणारे उपकरण बसवले आणि ती रांग पुन्हा घडवली. या वेळी शिखरे शेवटपर्यंत सारखी आली आणि स्कॅनरवर त्या रांगेत एकच ठिपका उरला. फिका, पण अख्खा उजळलेला. तो क्रम आता स्वतंत्रपणे, जास्त प्रमाणात बनवून त्याची प्रथिनाशी जुळणी मोजायला घेतली आहे.