तीस सेकंद थांबा

लॉन बोल्समध्ये, म्हणजे गवतावर एका बाजूला वळणारे मोठे चेंडू (बाउल) घरंगळवत जॅक नावाच्या छोट्या चेंडूजवळ न्यायच्या खेळात, सिंगल्सला मार्कर लागतो, आणि मी ते काम करते. काम तसं बोअरिंग वाटेल लोकांना. जॅक मधोमध सरकवायचा, जिथून बाउल टाकतात त्या मॅटपासून किमान 23 मीटर आहे का ते बघायचं, जो बाउल जॅकला लागला त्याला खडूची खूण करायची, आणि बाकी वेळ हेडच्या (जॅक आणि त्याभोवती थांबलेले बाउल) मागे बाजूला गप उभं राहायचं. जिची टर्न असेल तिने विचारलं तरच उत्तर, तेही जेवढं विचारलं तेवढंच. स्वतःहून एक शब्द नाही, चेहऱ्यावरसुद्धा काही दिसू द्यायचं नाही.

त्या दिवशी एका बाजूला बरीच वर्षं इंटरनॅशनल खेळलेली बाई होती, दुसरीकडे एक तरुण मुलगी जिचा हात अफाट होता. 21 ला मॅच संपते आणि स्कोअर 20-20. मुलीचे चारही बाउल टाकून झाले, बाईंच्या हातात शेवटचा. त्यांनी मला विचारलं, "शॉट कोणाचा?", म्हणजे जॅकच्या सर्वांत जवळ कोणाचा बाउल. म्हटलं, तिचा, एक.

बाईंनी बॅकहँडने ड्रॉ टाकला, म्हणजे जॅकजवळ येऊन थांबेल असा हळू बाउल. फार हळू आला, शेवटी वळला आणि मुलीच्या एका आखूड पडलेल्या बाउलला टेकून तिरका उभाच राहिला, आडवा पडलाच नाही. बाउलवरच्या लहान वर्तुळाची बाजू, म्हणजे बायसची (बाउल वळतो ती), जॅककडे झुकलेली. मुलीला वाटलं जिंकलो, ती चालत हेडकडे निघाली पण. बाई मॅटवरूनच म्हणाल्या, "थर्टी सेकंद प्लीज."

हा नियम खूप जणांना माहीत असतो पण त्या क्षणी आठवत नाही. शेवटचा बाउल थांबला की दोघींपैकी कोणीही मागू शकतं, 30 सेकंद होईपर्यंत मोजणी नाही. मी घड्याळ लावलं. बाउलखालचं गवत दबत होतं, तो अगदी सावकाश कलत होता, मला तर श्वास घ्यायची पण भीती वाटली की हवेने पडला तर काय घ्या! पंचविसाव्या सेकंदाच्या आसपास टप्पकन बायसच्या बाजूला पडला, जॅककडे.

दोरीने मोजलं तर सारखं. मुलगी म्हणाली परत मोजा, म्हणून अंपायरना बोलावलं, त्यांनी कॅलिपर लावला आणि तरी सारखंच. मग शॉट कोणालाच नाही, एन्ड (एक फेरी) धरला जातो पण पॉइंट शून्य. परत 20-20, पुढचा एन्ड खेळा.

पुढच्या एन्डला मुलीने सरळ ड्रॉ टाकून मॅच मारली, फार काही झालं नाही त्यात.

नंतर बाईंशी बोलणं झालं. म्हणाल्या, इंग्लंडचं ग्रीन (खेळायचं गवत) हेवी, म्हणजे स्लो, 27 मीटर जायला बाउलला कमी सेकंद लागतात पण हाताला जोर जास्त लावावा लागतो, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला तोच बाउल निवांत फिरत जातो, त्यामुळे प्रत्येक टूरला पहिले काही दिवस हात नवीन शिकवायचा. (ऐकायला उलटं वाटतं, पण फास्ट ग्रीनवर सेकंद जास्त लागतात.) 2022 ला बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये आपल्या महिला फोर्सने (चौघींच्या टीमने) साऊथ आफ्रिकेला 17-10 हरवून गोल्ड घेतलं, त्या चौघीही नोकऱ्या सांभाळून खेळणाऱ्या, हेही त्यांनीच काढलं. स्वतःच्या हरण्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. मुलीला जाताजाता एवढंच विचारलं, "तो बाउल टेकलेला बघितलास ना, मग वेळ तू का नाही मागितलीस?" मुलगी म्हणाली, "मला तो पडायलाच नको होता!" आणि बाई चक्क खळखळून हसल्या.